झाकण उघडा

गॅरेथ ‘गुड गर्ल’ म्हणाला आणि अनुयाचा हात थांबला. तो हात निघाला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिक्का बोटांत होता, त्याचं टोपण काढून झालं होतं आणि कागदावरचा रिकामा चौकोन वीतभरही दूर नव्हता. आणखी एक श्वास, की काम झालं असतं, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. तेवढ्यात हा माणूस, तिचा साहेब, वयाने तिच्या बाबांएवढा, स्वभावाने खरोखर चांगला, कुणाचाही वाढदिवस न विसरणारा, हातातला चहाचा मग जरासा उंचावून, कुत्र्याने चेंडू आणून पायाशी टाकल्यावर म्हणतात त्याच सुरात म्हणाला, ‘गुड गर्ल.’ अनुयाने टोपण परत लावलं. शिक्का जीन्सच्या खिशात टाकला. गॅरेथला आधी वाटलं, शाई संपली. त्याने ड्रॉवर उघडून दुसरी शाई शोधायलाही सुरुवात केली.

तिचं काम म्हणजे बघणं. पगार बघण्याचा मिळतो हे मराठी मंडळातल्या मावश्यांना समजावताना तिच्या नाकी नऊ येत. ‘म्हणजे रॉकेट तू बनवतेस?’ नाही. ‘मग उडवतेस?’ नाही हो मावशी, मी बघते. मावशी हसून वडी पुढे करत, पोरगी विनयाने बोलतेय असं त्यांना वाटे. लंडनच्या उत्तरेला, मिल्टन कीन्सच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाला आणि गालिच्यांचं गोदाम यांच्या मधोमध, तिची कंपनी लोकांचे छोटे उपग्रह रॉकेटवर चढवण्याजोगे करून देई. तिथला नियम साधा होता. एकाने जोडायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि बघणाऱ्याने आपला शिक्का मारायचा. शिक्क्यावर ज्याचा त्याचा नंबर. तो कुणाला उसना द्यायचा नाही, टेबलावर टाकून चहाला जायचं नाही. त्या दुपारी काचेच्या खोलीत, पांढरे डगले आणि टोप्या घालून, ऍडम जोडत होता आणि ती बघत होती. उपग्रहाच्या मागच्या बाजूला एक प्लग बसवायचा होता. रॉकेटपासून सुटेपर्यंत उपग्रहाला झोपवून ठेवणारा प्लग. तो नीट बसला नाही आणि हादऱ्यांनी सैल झाला, तर उपग्रह भलत्या वेळी जागा होतो. रॉकेट जमिनीवरच असतं, माणसं शेजारी उभी राहून इंधन भरत असतात, आणि हा आत जागा. एक ठिणगी पुरते. सहसा असं होत नाही. पण सहसा होत नाही अशाच गोष्टींसाठी अनुयाला नोकरीवर ठेवलं होतं. प्लग ऍडमच्या हातात होता तेव्हा गॅरेथने काचेवर टकटक करून तिला बाहेर बोलावलं. गिऱ्हाइकाचा फोन होता, ट्रकबद्दल विचारत होते, तूच बोल म्हणाला. ती बोलून, परत हात धुऊन, डगला चढवून आत गेली, तेव्हा प्लगवरचं झाकण बंद झालं होतं आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गोंदही लागला होता. ऍडमने अंगठा वर केला. ‘डन. तुझा टाइम वाचवला.’

‘तू थांबायला हवं होतंस,’ ती म्हणाली. ‘टी ब्रेक जवळ आला होता. तुलाच लेट झालं असतं,’ ऍडम म्हणाला, आणि ते खरंही होतं. तो असाच होता. कुणाचं काम उरलं की आपलं समजून उरकून टाकणारा. बरं, हात इतका चोख की त्याने बसवलेला प्लग सैल असेल, असं कंपनीत कुणी म्हणालं असतं तर हशा पिकला असता. अनुयासुद्धा हसली असती. मग टेबलाशी कागद आला, चौकोन आला, शिक्का निघाला, आणि ते दोन शब्द आले.

‘मी तिथे नव्हते,’ ती गॅरेथला म्हणाली. ‘मला कल्पना आहे,’ तो म्हणाला, ‘मीच बोलावलं ना तुला. पण ऍडमने केलंय, हे तुला माहीत आहे.’ ‘मला माहीत आहे. मी पाहिलं नाही.’ गॅरेथने चहाचा मग खाली ठेवला. रागावला नाही. इंग्रज माणसाला राग आला की त्याचा आवाज मऊ होतो, हे ती इथे जन्मूनही नोकरीला लागल्यावरच शिकली होती. गॅरेथ तर वेल्सचा, त्याचा आवाज दुपटीने मऊ झाला. झाकण उघडायचं म्हणजे गोंद खरवडायचा, मागचं सगळं पुन्हा तपासायचं. शुक्रवारचा ट्रक हातचा जाणार. ट्रक गेला की बोट गेली, बोट गेली की उत्तरेकडच्या त्या बेटावर उभं असलेलं रॉकेट हा उपग्रह न घेता उडणार, आणि पुढचं कधी, ते देव जाणे. हे त्याने समजावून सांगितलं, पोराला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं. ‘तुझं प्रोबेशन या महिन्यात संपतंय ना?’ शेवटी त्याने विचारलं. धमकी नव्हे, नुसती चौकशी. ‘हो,’ अनुया म्हणाली. ‘यू आर बीइंग व्हेरी थरो,’ तो म्हणाला. म्हणजे फारच काटेकोर. कौतुकाचे शब्द आणि त्यांच्या आत चपराक. ‘रात्रभर विचार कर.’

पार्किंगमध्ये ऍडम तिच्या गाडीला टेकून उभा होता. त्याची आजी ज्युलिएट ठाण्याची ज्यू, लग्न होऊन लंडनला आलेली, मुलांशी इंग्रजी आणि देवाशी हिब्रू बोलणारी, पण रागावली की चोख मराठीत. त्यामुळे ऍडमला मराठी येई ती बहुतेक रागाचीच, आणि तीही मोडकीतोडकी. एरवी तो अनुयाला हसवायला ती काढी. आज हसवायला नव्हती. ‘मी खोटा बोलतो काय?’ त्याने विचारलं. ‘नाही रे.’ ‘मग काय? प्लग बसली. मी बसवली. आवाज आला, क्लिक. माझी आजीचा शपथ.’ आजीची, माझ्या आजीची, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ‘ऍडम, मला तुझ्याबद्दल काडीचीही शंका नाही.’ ‘देन स्टॅम्प इट.’ तिने नकारार्थी मान हलवली. ‘यू नो व्हॉट दॅट मेक्स मी?’ तो म्हणाला, ‘त्यांच्यापुढे तू मला लायर केला. गॅरेथ नाही, तू.’ तो गेला. त्याने पाठ फिरवली तेव्हा त्याचा कान लाल झालेला तिला दिसला. त्या कानाचं तिला नोकरीपेक्षा जास्त वाईट वाटलं, हे खरं.

मिल्टन कीन्समधून बाहेर पडताना चौक नसतात, नुसती गोल वर्तुळं. एकातून सुटावं तर दुसरं हजर. अनुया रोज त्यांतून डोळे मिटून गेली असती, पण आज एका वर्तुळातून तिची बाहेर पडायची वाट हुकली, ती पुन्हा फिरली, पुन्हा हुकली, आणि मग मुद्दाम आणखी एक फेरी मारली. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. वाजव बाबा. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता आणि तो किडा प्लगचा नव्हता. गॅरेथ काहीच न बोलता चहा पीत राहिला असता, तर? तर शिक्का बसला असता. मग कसलं आलंय तत्त्व आणि कसली सुरक्षितता? नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून एवढा तमाशा? तिने स्वतःला उभं-आडवं तपासलं. गुड गर्ल. सहा वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत तिने आरती पाठ म्हटली होती आणि सगळ्या खोलीने ‘गुणाची गं बाई’ म्हणून गाल ओढले होते. आरतीतले अर्धे शब्द तिने नुसतेच तोंडात घोळवले होते, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शाळेत मिसेस पार्करने प्रयोगाच्या वहीत आकडे सगळ्यांच्या आकड्यांशी जुळतात म्हणून सोनेरी तारा दिला. ते आकडे जुळावेत म्हणून तिने शेजारणीचे घेतले होते, स्वतःचे खोडून. तिचे स्वतःचे बरोबर होते की चूक, ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही. युनिव्हर्सिटीत, मुलाखतीत, पहिल्या दिवशी, सगळीकडे तीच ती गोड, समजूतदार, अडचण न करणारी. लोकांना जे दिसायला हवं ते आपल्याला दिसलं असं म्हणत राहायचं, आणि त्याबद्दल गाल ओढून घ्यायचे. सव्वीस वर्षं तिचा शिक्का असाच बसत आला होता, कधी टोपण निघालं आणि कधी शाई लागली ते तिला समजतही नव्हतं. मग आज कळलं ते अपमानामुळे कळलं, तर कळलं! कशामुळे का होईना. झोपलेल्याला चिमटा काढून उठवलं म्हणून त्याची जाग खोटी ठरत नाही. मोटरवेवर पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, नुसता करडा उजेड होता, आणि ती गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाली, ‘नाही मारणार जा.’ स्वतःचा आवाज ऐकून तिला हसू आलं आणि मग, ल्यूटनच्या आसपास, रडू.

लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरच्या घरी जेवणाच्या टेबलावर बाबांनी, म्हणजे डॉक्टर शशिधर यांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते हाडांचे डॉक्टर. उभा जन्म इथल्या इस्पितळांत गेला, पण अजून घराबाहेर मोठ्याने बोलत नाहीत. ‘मुलाने काम नीट केलंय, याची तुला खात्री आहे?’ त्यांनी विचारलं. ‘हो.’ ‘मग झालं तर. बाळा, नोकरीत थोडं डावं-उजवं होतंच. पहिल्या सहा महिन्यांत डोळ्यांवर यायचं नसतं. आपण आपलं काम करावं, मान खाली घालून...’ ‘बाबा, माझं कामच मान वर करून बघण्याचं आहे,’ ती फाडकन म्हणाली. आई, सुलक्षणा, भूल देणारी डॉक्टर, आमटी वाढता वाढता थांबली. ‘अगं, जेवताना नको.’ ‘का नको? आई, तू रोज सकाळी तुझं मशीन स्वतः तपासतेस ना? टेक्निशियनने आधी तपासलेलं असतं, तरी?’ ‘ते वेगळं. तिथे पेशंट असतो.’ ‘इथेही माणसंच असतात. बेटावर. मी त्यांना ओळखत नाही, त्यांची नावं मला माहीत नाहीत, ते माझा नंबर बघून त्या डब्याच्या शेजारी उभे राहणार आहेत. तो नंबर सांगतो की कुणीतरी पाहिलंय. आणि कुणीही पाहिलेलं नाही, बाबा. जगात एका माणसाने पाहिलंय आणि तो स्वतःच जोडणारा आहे.’ बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘आणि उघडल्यावर सगळं ठीक निघालं तर?’ ते म्हणाले. ‘तर तुझं हसं होईल, गं. मला तेवढंच वाटतं. तू हसं करून घ्यावंस असं मला वाटत नाही.’ त्यांचा आवाज ओला होता. त्यांना खरंच तेवढंच वाटत होतं, आणि म्हणूनच तिला त्यांचा इतका राग आला की पानातला भात तसाच टाकून ती उठली. आईने तिला थांबवलं नाही. पण बाबांनी पुढे काही बोलायला तोंड उघडलं तेव्हा, ‘पुरे हो,’ असं तिने म्हटलेलं अनुयाला जिन्यातून ऐकू आलं.

ठीकच निघणार होतं. हीच तर गंमत होती. अंथरुणात पडल्या पडल्या तिने कितीदा तरी इच्छा करून पाहिली, की प्लग सैल असावा, अर्धवट असावा, निदान थोडा वाकडा. मग उद्या सगळे तिच्याकडे कसे बघतील! गॅरेथ माफी मागेल, बाबा मंडळात सांगत फिरतील. आणि प्रत्येक वेळी तिला ऍडमचा तो लाल कान आठवे आणि आपण आपल्या मित्राची चूक मागतोय हे ध्यानात येऊन अंगावर काटा येई. नको. प्लग घट्ट असू दे. ऍडमचा हात चोख असू दे. मी बरोबर ठरायला कुणाला चुकायला लावायचं नाही. एवढं ठरलं तेव्हा तिला शांत वाटलं नाही, पण झोप लागली.

सकाळच्या बैठकीत गॅरेथने तिला बोलण्याची संधीही दिली, तीही मऊ आवाजात. ‘अनुया, तुझी काही शंका आहे का कामाबद्दल?’ हा सापळा होता, आणि कदाचित त्याच्या मनात सापळा नसेलही. शंका आहे म्हटलं तर ऍडम खोटा. नाही म्हटलं तर शिक्का मार. ऍडम समोरच बसला होता, पेनाचं टोपण चावत. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपमध्ये माना घातल्या. ‘कामाबद्दल शंका नाही,’ ती म्हणाली. ‘काम मी पाहिलेलं नाही. झाकण उघडा.’ गॅरेथ म्हणाला, हे जरा जास्त होतंय. गॅरेथ म्हणाला, आपण सगळे एका टीमचे आहोत. गॅरेथ म्हणाला, हवं तर तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचा शिक्का घेता येईल. ‘घ्या की,’ अनुया म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी येत होता, खणखणीत, आईसारखा. ‘जरूर घ्या. फक्त बेटावरच्या सेफ्टीवाल्यांना मी आजच फोन करून सांगेन, की तो माणूसही तिथे नव्हता. तिथे कुणीच नव्हतं. मला तुम्हीच बाहेर बोलावलं होतं.’ खोलीत कुणी खोकलं. गॅरेथचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ राहिला नाही. ‘ट्रक जाईल,’ तो म्हणाला, ‘कळतंय तुला? तो गेला, तर तो तू घालवलेला असेल.’ ‘कळतंय,’ ती म्हणाली. ‘उघडा.’

उघडलं. काचेबाहेर अर्धी कंपनी जमली होती. काम नसलेलेही आले होते, गालिच्यांच्या गोदामात आग लागली असती तरी एवढे जमले नसते. आत दोघंच, ऍडम आणि ती. ऍडमने गोंद खरवडला, स्क्रू काढून ताटलीत मांडले, झाकण बाजूला केलं आणि स्वतः मागे सरकला, दोन्ही हात वर करून, पोलिसांपुढे करतात तसे. अनुया वाकली. टॉर्चचा उजेड आत पाडला. प्लग तिथे होता. शेवटपर्यंत बसलेला, खाच खाचेत, खिट्टी खाली, एक केस जाईल एवढीही फट नाही. तिने हातमोज्याच्या बोटाने तो हलवून पाहिला. हलला नाही. इतकं सुंदर बसवलेलं काम तिने या सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. बाहेर कुणीतरी हसलं, काचेतून आवाज आला नाही, पण दात दिसले. गॅरेथने कपाळाला हात लावला आणि मग भिंतीवरच्या बोलक्या डबीचं बटण दाबलं. ‘वेल?’ त्याचा आवाज खोलीभर खरखरला. ‘सगळं ठीकच आहे ना?’

आता इथे कुणीही मान खाली घातली असती. बाबांनी घातली असती, सॉरी म्हटलं असतं, घाईघाईने बाहेर पडून गाडी गाठली असती. अनुयाने छातीत काय होतंय ते पाहिलं. लाज होती. होती म्हणजे होतीच, कानशिलं तापली होती. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, घट्ट, न हलणारं, आणि ते तिचं स्वतःचं होतं, कुणी गाल ओढून दिलेलं नव्हतं. ती ताठ उभी राहिली. ‘हो,’ ती काचेकडे बघून म्हणाली, ‘उत्तम आहे. आता मी पाहिलं.’ आणि तिने डगल्याच्या खिशातून शिक्का काढला आणि सगळ्यांच्या देखत टेबलावरच्या कागदाच्या चौकोनात दाबला, सावकाश, कडा उमटेपर्यंत.

बाहेरची माणसं पांगू लागली. गॅरेथ फोनवर ट्रकवाल्याशी बोलत निघून गेला, पाठ फिरवताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि प्रोबेशनचं काय होणार ते त्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहा, अनुया मनात म्हणाली. ऍडमने झाकण उचललं. त्याने झाकण जागेवर धरलं, एका हाताने पटकन स्क्रू लावायला घेतले, लवकर संपवून या खोलीतून सुटावं म्हणून, आणि त्याचं चुकत होतं असंही कुणी म्हटलं नसतं. ‘थांब,’ अनुया म्हणाली. तिला स्वतःलाच खरं वाटेना की ती हे बोलतेय, आत्ता, या क्षणी, या मुलाला. ‘मला तिकडून दिसत नाहीये. मला त्या बाजूला येऊ दे.’ ऍडमने डोळे मिटले. मास्कच्या वर फक्त डोळेच होते त्याचे, आणि ते मिटल्यावर त्याच्या चेहऱ्यात काहीच उरलं नाही. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वाट बघू लागली. मग त्याने लावलेला पहिला स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला, तिला दिसेल असा उजेडात धरला, आणि पुन्हा, हळूहळू, बसवायला सुरुवात केली.